आधी अर्थ, मग हेल

जावा शिकून पायथॉनकडे वळलेल्या नवशिक्याच्या कोडवर सर्वात जास्त वेळा पडणारा शेरा म्हणजे 'हे पायथॉनिक नाही'. शेरा बहुधा खरा असतो. पण तो वाचून समोरच्याला नेमकं काय बदलायचं आणि का बदलायचं, यातलं काहीच कळत नाही. एवढंच कळतं की आपण बाहेरचे आहोत आणि ते आपल्या लिहिण्यातून दिसतं आहे.

माझं म्हणणं असं की, हा शेरा दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक म्हणजे हेल. कोड चालतो, बरोबर उत्तर देतो, फक्त बोलण्याची ढब जावाची आहे. दुसरी म्हणजे अर्थ. ओळ दिसायला तीच, पण पायथॉनमध्ये तिचा अर्थच बदलला आहे. तपासणारे हेलावर तुटून पडतात, कारण तो लांबूनही दिसतो. बिघडलेला अर्थ जवळ जाऊन शोधावा लागतो आणि तोवर तपासणाऱ्याचा उत्साह संपलेला असतो.

आपल्याकडे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करणाऱ्या अनेक मुलामुलींची सुरुवात सी किंवा जावापासून होते. पुढे प्रोजेक्टसाठी, नोकरीसाठी पायथॉन लागतो. मग सरावाचा सोपा मार्ग म्हणजे आपलाच जुना जावा प्रोग्राम घ्यायचा (विद्यार्थ्यांचे निकाल, बँकेचं खातं, ग्रंथालयाची नोंदवही) आणि तो ओळीमागून ओळ पायथॉनमध्ये उतरवायचा. सराव म्हणून यात वाईट काही नाही. उत्तर काय यायला हवं हे आधीच माहीत असल्यामुळे नव्या भाषेत आपण कुठे घसरलो ते पडताळून बघता येतं. अडचण तपासणीपाशी सुरू होते.

पायथॉन हा जावाचा सोपा केलेला धाकटा भाऊ, असा एक समज असतो. प्रत्यक्षात गुइडो व्हॅन रॉसम यांनी पायथॉन १९९१ साली लोकांसमोर आणला, तर सन मायक्रोसिस्टिम्सची जावा १९९५ साली आली. दोन्ही भाषांचा स्वभाव वेगळा आहे. जावात प्रत्येक गोष्ट क्लासच्या आत असते, प्रत्येक नावाचा प्रकार आधीच ठरलेला असतो, आणि प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर दारात उभा राहून कागदपत्रं तपासतो. पायथॉनमध्ये फंक्शन क्लासशिवाय मोकळं राहू शकतं, प्रकार नावाला नसून किमतीला चिकटलेला असतो, आणि पुष्कळ चुका ती ओळ चालेपर्यंत कळत नाहीत. म्हणून शब्दशः भाषांतर केलं की कोडचा आकार उतरतो, पण दारातला पहारेकरी मागेच राहतो. नवशिक्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता अर्थ बिघडण्याची खरी उदाहरणं पाहू.

निकालाचा प्रोग्राम घ्या. जावात विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये, कुठल्याही मेथडच्या बाहेर, गुणांची रिकामी यादी लिहिली की प्रत्येक विद्यार्थ्याला आपापली यादी मिळते. तीच ओळ पायथॉनमध्ये त्याच जागी लिहिली तर सगळ्या विद्यार्थ्यांत मिळून एकच यादी तयार होते. एकाला गुण दिले की ते सगळ्यांच्या नावावर चढतात. प्रोग्राम कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही, निकाल मात्र चुकतो. यादी ऑब्जेक्ट तयार होताना, म्हणजे 'इनिट'च्या आत, बनवायला हवी. नवशिक्याच्या कोडमध्ये मी सगळ्यात आधी हीच जागा बघतो.

दुसरं उदाहरण भागाकाराचं. पाच विषयांत ४५३ गुण. जावात दोन पूर्णांकांचा भागाकार केला की सरासरी ९० येते, दशांश गळून पडतो. पायथॉन ३ मध्ये तेच चिन्ह ९०.६ देतं. इथे पायथॉनचं उत्तर जास्त उपयोगाचं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण ज्याला पूर्णांकच हवा आहे तो दोन तिरक्या रेघांचं चिन्ह वापरतो आणि ऋण संख्या आली की फसतो. उणे ७ भागिले २ याचं उत्तर जावा शून्याच्या दिशेने कापून उणे ३ देते, पायथॉन खालच्या दिशेने जाऊन उणे ४ देतो. बाकीचंही तसंच. सोमवारला १ धरून तीन दिवस मागे जायचं, तर उणे २ ला ७ ने भागून जावात बाकी उणे २ येते, म्हणून जावावाले त्यात ७ मिळवायची जादा ओळ लिहितात. पायथॉनमध्ये बाकी थेट ५ येते आणि ती जादा ओळ निरुपयोगी ठरते. ती ओळ दिसली की 'हे कशाला?' असं खेकसण्याआधी ती कुठून आली हे तपासणाऱ्याला माहीत हवं.

तिसरं, बरोबरी. जावाच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच डोक्यात भरवलं जातं की दोन स्ट्रिंग 'बरोबर बरोबर' या चिन्हाने ताडायच्या नाहीत, 'इक्वल्स' वापरायचं. कारण ते चिन्ह मजकूर ताडत नाही, दोन्ही नावं एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का ते बघतं. पायथॉनमध्ये तेच चिन्ह मजकूर ताडतं, आणि वस्तू एकच आहे का हे विचारायला 'इज' आहे. जावात पोळलेला विद्यार्थी इथे त्या चिन्हाला घाबरतो आणि 'इज' लिहितो. गंमत अशी की नेहमीच्या पायथॉनमध्ये उणे ५ ते २५६ हे आकडे आधीच तयार करून ठेवलेले असतात, त्यामुळे लहान आकड्यांवर 'इज' बरोबर चालतं. मोठा आकडा आला की कधी चालतं, कधी नाही. चाचणी लहान आकड्यांवर केलेली असते, म्हणजे चूक लपून राहायची सगळी सोय झालेली असते.

चौथं, एकाच नावाच्या दोन मेथड. जावात वेगवेगळे पॅरामीटर देऊन एकाच नावाच्या तीन मेथड लिहिता येतात. पायथॉनमध्ये एकाच क्लासमध्ये तसं केलं तर शेवटची राहते आणि आधीच्या दोन गुपचूप पुसल्या जातात. हे कळल्यावर विद्यार्थी पॅरामीटरला डीफॉल्ट किंमत द्यायला शिकतो, आणि तिथे रिकामी यादी देऊन बसतो. ती यादी फंक्शनची व्याख्या होते तेव्हा एकदाच बनते आणि पुढच्या प्रत्येक हाकेला तीच वापरली जाते. पहिल्या हाकेचा कचरा दुसऱ्या हाकेत येतो.

पाचवं, यादीवर फिरता फिरता तिच्यातलेच घटक काढणं. नापास विद्यार्थी गाळायचे आहेत. जावाच्या लूपमध्ये असं केलं तर बहुधा प्रोग्राम अपवाद फेकून थांबतो. पायथॉन थांबत नाही. एक घटक काढला की पुढचे घटक एक घर मागे सरकतात आणि लूप मात्र एक पाऊल पुढे जातो. दोन नापास विद्यार्थी लागोपाठ असतील तर दुसरा यादीत तसाच राहतो.

आणि सहावं, जे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. जावाचा कंपायलर फाइल वाचण्यासारख्या कामांत अपवाद हाताळायलाच लावतो. कंटाळलेला विद्यार्थी रिकामा 'कॅच' लिहून सुटका करून घेतो. तीच सवय पायथॉनमध्ये 'एक्सेप्ट' आणि खाली 'पास' अशी उतरते. जावात व्हेरिएबलचं नाव चुकीचं लिहिलं तर कंपायलर तिथेच पकडतो. पायथॉनमध्ये ती चूक चालताना अपवाद म्हणूनच बाहेर येते, आणि हा रिकामा 'एक्सेप्ट' तिलाही गिळतो. पहारेकरी मागे राहिला होताच, आता घरातला कुत्राही बांधून ठेवला.

या सहाही ठिकाणी कोड दिसायला नीटनेटका असू शकतो. नावं पायथॉनच्या पद्धतीची, जागा सोडलेल्या नेमक्या. हेल बघणारा तपासनीस तो पास करून मोकळा होईल.

आता हेलाकडे येऊ. तोही महत्त्वाचा आहे, पण त्यातही निवड करावी लागते. काही सवयी बदलायला ठोस कारण असतं. गेटर-सेटरचं घ्या. जावात फील्ड उघडं ठेवलं आणि पुढे कधी त्यावर तपासणी बसवायची ठरली, तर ते वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो, म्हणून आधीपासूनच मेथडचा पडदा लावतात. पायथॉनमध्ये साधं फील्ड ठेवा. पुढे गरज पडली तर 'प्रॉपर्टी' लावून त्याच नावामागे मेथड बसवता येते, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे कारण सांगितलं की वीस गेटर-सेटर पोर स्वतःहून काढून टाकतं. फिलिप एबी यांनी २००४ साली 'पायथॉन म्हणजे जावा नव्हे' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला होता, त्यातही हा मुद्दा आहे. वीस वर्षं उलटली तरी तो लेख जावाहून आलेल्यांना वाचायला देतात, कारण त्यात कारणं आहेत.

तसंच बाकीचं. फाइल उघडताना 'विथ' वापरायचं, कारण मध्येच अपवाद आला तरी फाइल बंद होते. यादीवर फिरताना क्रमांक मोजत बसायचं नाही, थेट घटक घ्यायचा, कारण एकने चुकण्याची जागाच उरत नाही. क्रमांक हवाच असेल तर 'एन्युमरेट' आहे. नुसत्या स्टॅटिक मेथडींचा क्लास असेल तर क्लास काढून फंक्शनं फाइलमध्ये मोकळी ठेवायची, कारण पायथॉनची फाइल स्वतःच एक मॉड्यूल असते. नुसती माहिती धरून ठेवणारा क्लास असेल तर ३.७ आवृत्तीपासून 'डेटाक्लास' आहे. या प्रत्येक वाक्यात 'कारण' आहे किंवा नेमका पर्याय आहे. ज्या शेऱ्यात दोन्ही नाहीत तो शेरा लिहू नये, असं माझं मत आहे.

उरलेलं सगळं आवडीनिवडीचं. ओळ किती लांब, मोकळ्या जागा किती, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यावर माणसाने माणसाला शेरे देण्यात अर्थ नाही. ब्लॅकसारखं साधन ते क्षणात करून देतं. ज्या पेप ८ चा दाखला अशा वेळी दिला जातो, ते २००१ सालचं टिपण मुळात पायथॉनच्या स्वतःच्या लायब्ररीसाठी लिहिलेलं आहे, आणि निव्वळ या नियमांशी जुळवून घेण्यासाठी जुन्या कोडशी असलेली सुसंगती मोडू नका, हेही त्यातच बजावलेलं आहे.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या लायब्ररीतही एकदा डोकवावं. चाचण्यांसाठीचं 'युनिटटेस्ट' मॉड्यूल जावाच्या जेयुनिटवरून घेतलेलं, २००१ च्या सुमारास पायथॉनमध्ये आलं. 'लॉगिंग' मॉड्यूल २००३ मधलं, त्यावर जावाच्या लॉगफोरजेची छाप आहे. दोन्हींतल्या मेथडींची नावं आजही उंटाच्या पाठीसारखी, मध्येच मोठं अक्षर वर आलेली, अस्सल जावा थाटाची आहेत. त्यामुळे पायथॉनचं काही अडलं नाही. जगभरचे प्रोग्राम रोज त्यांच्यावर चालतात.

मराठीला यात नवल वाटायचं कारण नाही. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभाराच्या भाषेवर त्याचा परिणाम झालाही. तरी अर्ज, फिर्याद, वसूल, हुकूम, जमीन हे शब्द आज शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून मंत्रालयाच्या फायलीपर्यंत मराठी म्हणूनच वावरतात. दुसरीकडून आलेला शब्द घरचा होतो, पण त्यासाठी त्याचा अर्थ इथे नीट लागावा लागतो. कोडचंही तेच आहे.

हेलावरून माणूस जोखण्याचा प्रकार मराठी मुसलमानांना चांगला परिचयाचा आहे. घरात दखनी, कोकणात कोकणी, शाळेत मराठी किंवा उर्दू, अशा तीन-चार भाषांत आपली पोरं वाढतात. सभेत चार वाक्यं बोलून खाली बसावं आणि कुणीतरी कौतुकाने म्हणावं, 'तुमचं मराठी किती छान आहे हो!' म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण आपण काय म्हणालो ते बाजूला राहतं आणि कसं म्हणालो यावर गोष्ट संपते. चुकलेल्या मुद्द्यावरही कौतुक होतं आणि बरोबर मुद्दाही हेलापायी ऐकला जात नाही. 'हे पायथॉनिक नाही' हा शेरा त्याच जातीचा आहे. उर्दू माध्यमातून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, इंग्रजी कागदपत्रं अडखळत वाचणारी मुलगी जेव्हा पहिल्यांदा आपला कोड कुणापुढे ठेवते, तेव्हा चाळीस शेऱ्यांच्या यादीतून ती एवढाच बोध घेते की हे आपलं क्षेत्र नाही. त्या चाळिसांत एक शेरा सगळ्यांच्या सामायिक झालेल्या गुणांच्या यादीबद्दल असतो. तोच खरा महत्त्वाचा असतो आणि तोच गर्दीत हरवतो.

याचा अर्थ गोड बोलून सोडून द्यावं, असा मुळीच नाही. चुकीचा निकाल काढणारा कोड 'छान प्रयत्न' म्हणून पुढे ढकलणं हाही एक प्रकारचा तुच्छताभावच आहे. समोरच्याला खरं सांगितलं तर पेलेल, यावर आपला विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो.

उलट्या बाजूचाही एक दोष आहे. काही तपासनीस बारा ओळींचा सरळ लूप बघून अस्वस्थ होतात आणि त्याचं एका ओळीचं, एकात एक अडकवलेलं लिस्ट कॉम्प्रिहेन्शन करून देतात. ओळी वाचल्या खऱ्या, पण चुकलं तर मध्ये कुठे थांबून बघायचं, हे त्या नवशिक्याला कळत नाही. स्वतःचा कोड त्याला परका होतो. आखूड लिहिणं म्हणजे पायथॉनचं वळण नव्हे. एक साधी अट आणि एक साधा बदल असेल तर कॉम्प्रिहेन्शन खुलून दिसतं, त्यापुढे लूपच बरा. क्लासबद्दलही असाच अतिरेक होतो. बँकेच्या खात्याला शिल्लक आहे, व्यवहार आहेत, नियम आहेत, मग त्याचा क्लास असायलाच हवा. जावाची आठवण येते म्हणून तो मोडायचा नसतो.

यात आता एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. जावाचा प्रोग्राम यंत्रापुढे ठेवला की ते काही सेकंदांत पायथॉनच्या थाटात उतरवून देतं. नावं नेटकी, 'विथ' जागच्या जागी, 'एन्युमरेट' हजर. हेल पार गेलेला. म्हणजे इतके दिवस आपण ज्या खुणेवरून 'याला पायथॉन येतो' असं ठरवत होतो, ती खूणच निकामी झाली. ऋण संख्येचा भागाकार मूळ प्रोग्रामसारखाच होतो का, गिळलेला अपवाद कुठे आहे, हे तेव्हाही कुणीतरी बघावंच लागतं, आणि ते विद्यार्थ्यालाही बघता यायला हवं. जो तपासनीस फक्त हेलच तपासायला शिकला, त्याच्याकडे आता तपासायला काही उरत नाही.

म्हणून माझा आग्रह एका साध्या क्रमाचा आहे. पहिल्या वाचनात एकच प्रश्न: जावातला प्रोग्राम जे उत्तर देत होता, तेच हा देतो का? मूळ प्रोग्राम हाताशी असतोच. दोघांना तीच माहिती द्या, त्यात रिकामी यादी, ऋण संख्या, मोठा आकडा आणि लागोपाठचे दोन नापास विद्यार्थी मुद्दाम घाला आणि उत्तरं ताडून बघा. फरक सापडला तर तेवढाच शेरा द्या, बाकी काही नको. शक्य तर शेऱ्याऐवजी प्रयोग द्या: 'दोन विद्यार्थी तयार कर, एकालाच गुण दे आणि दुसऱ्याची यादी छापून बघ.' दोन मिनिटांत पोराला जे कळेल ते 'क्लास व्हेरिएबल वापरू नये' या वाक्याने महिनाभरात कळणार नाही. दुसऱ्या वाचनात कारण सांगता येईल असे दोन-तीन बदल सुचवा, आणि त्यातल्या एका जागी स्वतः बदल करून दाखवा, बाकीच्या जागा त्याला शोधू द्या. तिसरं वाचन साधनाकडे सोपवा.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: 'जावात हे तू असं का करत होतास?' बहुतेक वेळा उत्तर येईल, 'सरांनी सांगितलं होतं.' तिथूनच शिकवायला सुरुवात करायची आहे. जावात तो नियम का होता हे ज्याला कळलं, त्याला पायथॉनमध्ये तो का नको हे वेगळं सांगावं लागत नाही. उद्या तिसरी भाषा शिकायची वेळ आली तर हे जुन्या नियमाचं कारण शोधण्याचं वळणच त्याच्या कामी येईल.